मधुमेह असताना ड्रायव्हिंग लायसन्सचे नूतनीकरण: फॉर्म काय विचारतो आणि काय विचारत नाही

लायसन्स रिन्यू करताना भरायच्या फॉर्म १ मध्ये मधुमेह किंवा डायबेटिस हा शब्द कुठेही नाही. चाळिशीनंतर डॉक्टरकडून भरून घ्यायच्या फॉर्म १अ मध्येही नाही. शुगर किती असते, इन्सुलिन चालू आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना वाटते की आजार कळला तर लायसन्स जाईल, म्हणून ते एजंटाच्या हाती कागद देऊन मोकळे होतात. बाकीचे म्हणतात, विचारलेच नाही तर सांगायचे कशाला. मोटार वाहन कायद्यात मधुमेहावर नाव घेऊन बंदी नाही, इन्सुलिन घेण्यावरही नाही, त्यामुळे पहिल्या तटाची भीती बहुतेकांच्या बाबतीत उगाच आहे. दुसऱ्या तटाची बेफिकिरी मात्र धोक्याची आहे. चक्कर, शुद्ध हरपणे, नजर, रातांधळेपणा, हातापायांचा ताबा यांबद्दल फॉर्म विचारतो, आणि मधुमेह स्टिअरिंगपर्यंत पोचतो तो याच वाटांनी.

म्हणून नूतनीकरणाची तयारी दोन पातळ्यांवर करावी लागते. कागदपत्रांचे काम सोपे आहे. आपण खरोखर गाडी चालवायला ठीक आहोत का हे तपासायला जास्त वेळ लागतो, आणि ते काम आरटीओ तुमच्यासाठी करत नाही.

आधी तारीख बघा

खासगी वाहनाच्या लायसन्सची मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत काढलेले लायसन्स चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते. ३० ते ५० या वयात काढले किंवा रिन्यू केले तर १० वर्षे, ५० ते ५५ मध्ये केले तर साठीपर्यंत, आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षे. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स ५ वर्षांचे असते, धोकादायक माल वाहून नेणाऱ्यांचे ३ वर्षांचे.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत ड्रायव्हिंग टेस्टशिवाय नूतनीकरण होते. त्यापुढे गेलात की पुन्हा टेस्ट. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स वैध धरले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. म्हणजे अर्ज वर्षभर करता येतो, पण तेवढे वर्ष गाडी चालवता येते असा त्याचा अर्थ नाही. संपलेल्या लायसन्सवर पकडले गेलात तर ५,००० रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडण वेगळे.

मधुमेह असेल तर मुदतीच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा. डोळ्यांची तपासणी, चष्म्याचा नंबर, औषधांत काही बदल करावा लागला तर तो अंगी लागणे, या सगळ्याला इतका वेळ सहज जातो.

या वयाच्या गणितात एक विचित्र गोष्ट आहे. विशीत लायसन्स काढलेल्या टाइप १ मधुमेह्याला चाळिशीपर्यंत कोणीच काही विचारत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी रिन्यू केलेल्याला पुढची दहा वर्षे विचारत नाही. दहा वर्षांत रेटिना, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, कुठून कुठे जाऊ शकतो! त्यामुळे कायद्याचे अंतर हे तपासणीचे अंतर समजू नका.

फॉर्म १ चे प्रश्न नीट वाचा

फॉर्म १ म्हणजे शारीरिक तंदुरुस्तीचे स्वतःच दिलेले प्रतिज्ञापत्र. ऑनलाइन अर्जात तो हो-नाहीच्या रूपात समोर येतो आणि बहुतेक जण तो न वाचता टिक करत खाली जातात. सायबर कॅफेवाला तर तुम्हाला न विचारताच भरतो. मधुमेह्याने इथे थांबायला हवे.

पहिलाच प्रश्न: तुम्हाला फेफरे येते का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते वा चक्कर येते का? ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांत शुगर कमी झाल्याने येणारी चक्कर बसते. जेवायला उशीर झाला, थोडे थरथरले, बिस्किट खाल्ले आणि बरे वाटले, एवढ्यावरून कोणी ‘अचानक शुद्ध हरपते’ असे लिहीत नाही. पण गेल्या वर्षभरात शुगर उतरून तुम्ही बेशुद्ध पडला असाल, घरच्यांनी तोंडात साखर घातली असेल, सलाईन लावावे लागले असेल, तर खरे उत्तर ‘हो’ आहे. अशा वेळी आधी डॉक्टरांना भेटा, कारण शोधा, औषध बदलून घ्या आणि मगच फॉर्म उघडा. अर्जाला दोन वर्षांची खिडकी आहे, घाई नाही.

त्यानंतर २५ मीटरवरून, दिवसाउजेडी, लागत असेल तर चष्म्यासह, मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. हात-पायांच्या हालचालीत, ताब्यात वा ताकदीत दोष आहे का. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का. रातांधळेपणा आहे का. हॉर्न ऐकू येतो का, असे प्रश्न येतात. शेवटचा प्रश्न मोघम आहे: तुमच्या वाहन चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा कोणता आजार वा अपंगत्व आहे का, असल्यास तपशील द्या. इथे मधुमेह लिहायचा का? नुसता मधुमेह असणे म्हणजे लोकांना धोका असणे असे नाही. गोळ्यांवर शुगर आटोक्यात आहे, कधी ‘लो’ होत नाही, म्हणजे फार खाली उतरत नाही, डोळे-पाय ठीक आहेत, त्याने ‘नाही’ म्हटले तर ते खरेच उत्तर आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने किंवा शुगर वारंवार उतरणाऱ्याने डॉक्टरांचे पत्र हाताशी ठेवूनच या प्रश्नाला सामोरे जावे.

गोळीच्या पाकिटामागे काय लिहिले आहे

‘मी इन्सुलिन घेत नाही, मला शुगर लो होण्याचा त्रास नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलेले असते. पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचा, कारण ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सगळी सल्फोनिलयुरिया गटातली. ती खाल्लेले असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, म्हणून जेवण चुकले की शुगर कोसळू शकते. रिपाग्लिनाइडचेही तसेच. याउलट मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे एकटी असताना सहसा शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाहीत. पण आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असण्याची पद्धत आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी तर घरोघरी आहे. जोडीत ग्लिमेपिराइड असेल तर तुम्ही इन्सुलिनवाल्यांच्याच रांगेत उभे आहात असे धरा.

तिसरे नाव व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही औषधे आतड्यात साखर फोडू देत नाहीत. त्यामुळे शुगर लो झाल्यावर साधी साखर, पेढा किंवा बिस्किट खाऊन पटकन फरक पडत नाही. अशांनी ग्लुकोजच, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या, जवळ ठेवायला हवे. हे चिठ्ठी देताना फार कमी जणांना सांगितले जाते.

रक्तदाबासाठी वा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांपैकी काही चालू असेल तर लो होताना होणारी धडधड आणि थरथर दबून जाऊ शकते. घाम मात्र फुटतो. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांना आणि वारंवार लो होणाऱ्यांना पुढे पुढे खुणाच जाणवेनाशा होतात. गाडी चालवण्याच्या दृष्टीने सगळ्यात गंभीर बाब हीच. घरच्यांना विचारा: ‘मला कळण्याआधी तुम्हाला कळते का, की माझी शुगर उतरली आहे?’ उत्तर हो आले तर डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत चावी दुसऱ्याकडे द्या.

इथे एचबीए१सीच्या आकड्यावर विसंबू नका. तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. कधी ३०० तर कधी ५५ असे हेलकावे खाणाऱ्याचाही सरासरी आकडा देखणा येऊ शकतो. आकडा एकदम छान आला आणि सोबत पहाटे घाम, दुपारी चिडचिड असे काही असेल तर त्याचे अभिनंदन करून घेण्याआधी ग्लुकोमीटरवर तपासा.

डोळे आणि पाय

नेत्रतपासणी म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे नव्हे. डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून रेटिना पाहणारी तपासणी हवी, आणि ती मधुमेह्याने तशीही वर्षातून एकदा करायचीच असते. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो.

रेटिनोपॅथीची, म्हणजे मधुमेहाने रेटिना बिघडण्याची, सुरुवात आहे असे कळले म्हणून लायसन्स जात नाही. रेटिनाच्या मध्यभागी सूज असेल तर नंबरप्लेट वाचण्यावर परिणाम होतो. लेझरचे बरेच उपचार झाले असतील तर बाजूचे आणि रात्रीचे दिसणे कमी होऊ शकते. फॉर्ममधल्या रातांधळेपणाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मी रात्री गाडी चालवू का?’ समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपत असतील तर मोतीबिंदूही बघून घ्या, तो मधुमेह्यांत लवकर होतो.

चष्म्याबद्दल एक साधी सूचना. शुगर फार चढलेली असताना किंवा नुकतीच झपाट्याने खाली आणलेली असताना डोळ्याच्या भिंगात फरक पडतो आणि नंबर तात्पुरता बदलतो. तेव्हा केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो. शुगर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. घरी चाचणी सोपी आहे: उभ्या मोटारीपासून मोठी तीस-पस्तीस पावले मागे जा आणि नंबरप्लेट वाचा.

पायांकडे आरटीओ क्वचितच बघते, पण ब्रेक पायानेच लागतो. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, तळवे बधिर आहेत, कापसावर चालल्यासारखे वाटते, ही मज्जातंतू बिघडल्याची लक्षणे. इंजिन बंद ठेवून गाडीत बसा, नजर समोर ठेवा आणि न बघता पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्या. तो प्रत्येक वेळी बरोबर मध्यभागी पडला पाहिजे. शंका असेल तर डॉक्टरांकडून पायांची संवेदना बघणारी मोनोफिलामेंट आणि ट्यूनिंग फोर्कची तपासणी करून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे. आणि सैल चपला घालून गाडी चालवणे बंद करा. संवेदना फारच कमी असेल तर हाताने चालवायची नियंत्रणे बसवून बदल केलेली गाडी हा मार्ग आहे, मात्र तो बदल आरसीवर आणि लायसन्सवर नोंदवावा लागतो.

फॉर्म १अ कोणाकडून घ्यावा

चाळीस वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि व्यावसायिक लायसन्सधारकांना वयाची अट न धरता फॉर्म १अ लागतो. खासगी लायसन्स आणि वय चाळीसच्या आत असेल तर फॉर्म १ पुरतो.

फॉर्म १अ मध्ये डॉक्टर लिहून देतात की दूरची नजर, ऐकू येणे, दोन्ही हात-पाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष देऊन तपासले आणि अर्जदार लायसन्ससाठी योग्य किंवा अयोग्य आहे. फोटो लावून त्यावर सही-शिक्का येईल असे बघा.

आरटीओच्या परिसरात हे प्रमाणपत्र उभ्या उभ्या, नाडीलाही हात न लावता मिळू शकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधुमेह्याने ते तिथून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपले उपचार करणारे डॉक्टर नोंदणीकृत एमबीबीएस असतील तर त्यांच्याकडेच जा. त्यांना तुमची औषधे, तुमची शुगर लो झाल्याचे प्रसंग माहीत असतात. डॉक्टरांना सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने प्रमाणपत्र चढवण्याचीही सोय आहे, तुमच्या डॉक्टरांनी ती घेतली आहे का हे आधी विचारा.

त्याच भेटीत अर्ध्या पानाचे पत्र मागून घ्या. मधुमेहाचा प्रकार, चालू औषधे, गेल्या वर्षात दुसऱ्याची मदत लागेल इतकी शुगर उतरली होती का, उतरताना रुग्णाला कळते का, डोळ्यांची शेवटची तपासणी कधी झाली, आणि खासगी वाहन चालवण्याबाबत मत. हे पत्र नियमाने कोणी मागत नाही. पण कोणी शंका घेतली तर ‘डॉक्टर म्हणाले चालेल’ या वाक्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

सारथीवर अर्ज

परिवहनच्या संकेतस्थळावरून सारथीत शिरा, राज्य निवडा, लायसन्सवरील सेवांमध्ये लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरा, रिन्यूअल निवडा. पत्ता बदलला असेल तर ती सेवा सोबतच निवडा. आधारने ओळख पटवून फेसलेस पद्धतीने अर्ज करता येत असेल तर कार्यालयात जावे लागत नाही, मात्र मोबाइल आधारशी जोडलेला हवा. फॉर्म १ स्वतः भरा, फॉर्म १अ, जुने लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा चढवा, शुल्क भरा. नूतनीकरणाचे मूळ शुल्क २०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये. मुदत उलटली असेल तर विलंब शुल्क वेगळे. पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा, फॉर्म १अ ची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मंजुरीनंतर लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दिसते आणि रस्त्यावर ते चालते.

कार्यालयात जावे लागले तर उपाशी जाऊ नका. रांग कधी संपेल याचा भरवसा नसतो, आणि सकाळची गोळी घेऊन जेवणाची वेळ टळली की तिथेच चक्कर यायची.

नाकारले तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७ नुसार नूतनीकरण नाकारायचे तर अधिकाऱ्याने कारणासह लेखी आदेश द्यायचा असतो. तोंडी ‘तुमचे होणार नाही’ ऐकून परत येऊ नका. लेखी आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. मधुमेह आहे एवढेच कारण दिले असेल तर डॉक्टरांचे पत्र आणि डोळ्यांचा अहवाल हा तुमचा मुख्य आधार. कारण नजर किंवा बेशुद्धीचे झटके असेल तर अपिलाआधी उपचार करून घेणे शहाणपणाचे.

उलट बाजूही माहीत असावी. कलम १६ प्रमाणे वैध लायसन्सधारकाकडेही, आजारामुळे तो अयोग्य आहे असे मानायला सबळ कारण असेल तर, नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते किंवा लायसन्स रद्द करता येते. आणि आपण अयोग्य आहोत हे माहीत असून गाडी चालवणे हा कलम १८६ खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास २,०००.

लायसन्स हातात आल्यावर

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांसाठी ब्रिटनमधली एक पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे इन्सुलिनवर असलेल्या चालकाने गाडी सुरू करण्याआधीच्या दोन तासांत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी शुगर तपासायची असते. आकडा ९० च्या खाली असेल तर काही खाऊन मग निघायचे, ७० च्या आसपास किंवा खाली असेल तर चालवायचेच नाही. आपल्याकडे असा नियम नाही, पण ग्लुकोमीटर बहुतेकांच्या घरात आहे. हातावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्याचा आकडा रक्तातल्या आकड्याच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून अंगाला वेगळे वाटत असेल तर बोटातून तपासा.

एकादशीचा उपास धरून, गोळी घेऊन, दुपारी हायवेला लागणे हे शुगर लो होण्याला हमखास निमंत्रण. उपासाच्या दिवशी डोस काय करायचा ते आधी डॉक्टरांना विचारा. तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायला स्कूटरवर जाता तेव्हाही सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त देऊन, खाऊन मग घ्या. ग्लुकोज स्कूटरच्या डिकीत नको, खिशात हवे. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवल्या तर खराब होतात.

चालवताना घाम, थरथर, धूसर दिसणे, गिअर चुकणे, ओळखीचे वळण न आठवणे असे काही झाले तर घर दोन किलोमीटरवर असले तरी बाजूला घ्या. इंजिन बंद, चावी काढा, पार्किंग दिवे लावा, शक्य असेल तर शेजारच्या सीटवर जा. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे पावडरीचे तीन-चार चमचे पाण्यात. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर हळू शोषली जाते, आणि डाएट कोलाचा तर काहीच उपयोग नाही. १५ मिनिटांनी तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. आकडा वर आल्यावर पोळी-भाजी, केळे असे टिकणारे काही खा. मेंदू आकड्यापेक्षा उशिरा सावरतो, म्हणून शुगर ठीक झाल्यावरही ४५ मिनिटे स्टिअरिंगला हात लावू नका. शुगर ग्लिमेपिराइडमुळे लो झाली असेल तर ती काही तासांत परत उतरू शकते, तेव्हा त्या दिवशी कोणाला तरी फोन करून गाडी त्यांच्या हाती द्या, आणि डोस कमी करायचा का हे दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारा.